शेअर बाजाराची बोली

वर्तमानपत्राचे व्यापारी पान उघडले की सामान्य वाचकाला एक चमत्कारिक भाषा भेटते. तेथे चांदी नरम असते आणि तेल गरम असते; पोलाद ढासळते आणि सिमेंट सावरते; सकाळी भक्कम उघडलेला बाजार दुपारी नफावसुलीच्या दडपणाखाली सुस्त बंद होतो. ह्यांतील बहुतेक शब्द नित्याच्या व्यवहारातलेच असतात. तरीही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. मग वाचक ते पान उलटतो आणि क्रिकेटच्या वृत्तान्ताकडे वळतो.

पूर्वी त्यावाचून कोणाचे फारसे अडत नसे. शेअर बाजार हा मुंबईच्या कोटातील काही दलालांचा आणि त्यांच्या धनिक कुळांचा मामला होता. आज तशी स्थिती राहिलेली नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत, सैन्यदले वगळता, जे नव्याने दाखल झाले, त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या ठेवीचा काही भाग शेअरांत गुंतविला जाऊ लागला. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतील थोडी रक्कमही २०१५ पासून त्याच वाटेने जाऊ लागली. ज्याने जन्मात दलालाचे तोंड पाहिले नाही, त्याचीही मिळकत आता ह्या बाजाराशी जोडली गेली आहे. त्यामुळे बाजाराची बोली समजून घेणे ही आता केवळ हौस म्हणता येणार नाही.

आरंभ 'शेअर' ह्या शब्दापासूनच करावा. शेअर म्हणजे भाग, वाटा. श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की, एका जिल्ह्याच्या गावी काही उद्योगी माणसांनी पाण्याचे पंप तयार करण्याचा कारखाना काढावयाचे ठरविले. त्यासाठी दहा लाख रुपये हवेत. एवढी रक्कम एकाकडे नाही; म्हणून दहा रुपयांचा एक, असे एक लाख भाग पाडले आणि ते लोकांना विकले. हे झाले त्या कंपनीचे भागभांडवल. त्याच गावातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हजार रुपये भरून शंभर भाग घेतले. ह्याचा अर्थ असा की, त्या कारखान्याच्या हजाराव्या हिश्शाचे ते मालक झाले. त्यांनी कंपनीला कर्ज दिलेले नाही, किंवा ठेवही ठेवलेली नाही. कंपनी त्यांना व्याज देणे लागत नाही आणि मुद्दल परत करण्यासही बांधलेली नाही. ती त्यांना देणे लागते ते खरा हिशेब, सभेत मत देण्याचा अधिकार आणि उरलेल्या नफ्यातील वाटा.

मालकी आली की जोखीम आलीच. परंतु तिलाही एक कुंपण आहे. कंपनीच्या पाटीवर अखेरीस 'लिमिटेड' म्हणजे मर्यादित हा शब्द असतो, तो तिच्या धंद्याला नव्हे, तर भागीदाराच्या जबाबदारीला उद्देशून असतो. कारखाना बुडाला तर मुख्याध्यापकांचे हजार रुपये जातील. सावकार त्यांच्या घरावर किंवा पत्नीच्या दागिन्यांवर टाच आणू शकणार नाही. आपल्या देशात ही मर्यादा १८५७ च्या कायद्याने प्रथम आली. ह्या एका शब्दाच्या आधारावर अनोळखी माणसांनी एकत्र येऊन मोठे उद्योग उभारले. १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्याचे भाग विक्रीस निघाले, तेव्हा सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते भांडवल पुरे केले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९२० साली मर्यादित कंपनी झाला, तोही ह्याच मार्गाने.

कंपनी पैसा उभा करते तो सारा भागांच्या रूपानेच करते असे नाही. ती कर्जरोखेही काढते. कर्जरोखा घेणारा हा कंपनीचा धनको असतो. नफा होवो वा तोटा, ठरलेले व्याज त्याला मिळालेच पाहिजे. अग्रहक्क भाग धारण करणारा मधल्या पायरीवर असतो. त्याचा लाभांश आधी ठरलेला असतो आणि तो इतर भागधारकांच्या आधी द्यावयाचा असतो. सामान्य भाग, ज्याला हल्ली समभाग म्हणतात, त्याचा धनी पंगतीला शेवटी बसतो. पुढच्या पंगती उठल्यावर जे उरेल ते त्याचे. कधी पातेले रिकामे असते, तर कधी इतके उरलेले असते की, आधी जेवून गेलेल्यांना त्याचा हेवा वाटावा. सुरक्षितता आणि लाभ ही दोन्ही एकाच पानात क्वचितच वाढली जातात, हे ह्या तीन शब्दांच्या क्रमावरून ध्यानात यावे.

आता दर्शनी किंमत आणि बाजारभाव ह्यांतील भेद पाहू. मुख्याध्यापकांच्या भागाची दर्शनी किंमत दहा रुपये. कारखाना चांगला चालला. एका वर्षी त्याला दोन लाख रुपये निव्वळ नफा झाला. एक लाख भागांवर तो वाटला तर प्रत्येक भागामागे दोन रुपये पडतात. कंपनीने सगळा नफा वाटला नाही. तिने दहा टक्के लाभांश जाहीर केला आणि उरलेला एक लाख गंगाजळीत टाकला. येथेच अनेकांची गफलत होते. दहा टक्के हे दर्शनी किमतीवर मोजलेले आहेत. म्हणजे भागामागे एक रुपया. मुख्याध्यापकांनी दहा रुपयांस भाग घेतला होता, त्यांना दहा टक्के पडले. परंतु कारखान्याची कीर्ती ऐकून ज्याने तोच भाग बाजारात तीस रुपयांस घेतला, त्यालाही रुपयाच मिळणार. त्याला सव्वातीन टक्क्यांहून किंचित अधिक सुटले. वर्तमानपत्रात 'शंभर टक्के लाभांश' असा मथळा दिसला तर भुलून जाण्यापूर्वी, ते कशावरचे शंभर टक्के, हा प्रश्न विचारावा.

तीस रुपये भाव आणि दोन रुपये मिळकत, म्हणजे भाव मिळकतीच्या पंधरा पट झाला. ह्याच पटीचा उल्लेख बाजारात सतत होतो. भाव सहाशे रुपये आहे म्हणून भाग महाग आणि सहा रुपये आहे म्हणून स्वस्त, ही समजूत खुळी आहे. सहाशेच्या भागामागे साठ रुपये मिळकत असेल तर तो दहा पटीने मिळतो. सहाच्या भागामागे दहा पैसे असतील तर तो साठ पटीने विकला जात आहे. अर्थात मोठी पट हे नेहमी मूर्खपणाचेच लक्षण नसते. पुढे मिळकत वाढेल ह्या आशेची ती किंमत असते. आशा रास्त आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

ह्यानंतर येतात दोन शब्द, ज्यांनी अनेक घरांत विनाकारण आनंद आणि अकारण नुकसान घडविले आहे. पहिला 'बोनस' म्हणजे बक्षीस भाग आणि दुसरा 'राइट' म्हणजे हक्काचा भाग.

आपल्या कारखान्याने एका भागामागे एक बक्षीस भाग दिला असे समजावे. मुख्याध्यापकांचे शंभराचे दोनशे झाले. घरात पेढे वाटले गेले. परंतु कारखान्यात एक यंत्र वाढले नाही की तिजोरीत एक रुपया नवा आला नाही. गंगाजळीतील रक्कम वहीच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर, म्हणजे भांडवलाच्या खात्यावर गेली, एवढेच. एका भाकरीचे चार ऐवजी आठ तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. तीस रुपयांचा भाव पंधरावर आला आणि तीन हजारांचा ऐवज तीन हजारच राहिला. पुढे कंपनीने लाभांशाचा दर पूर्वीचाच राखला तर मात्र हाती दुप्पट रक्कम येईल, आणि तेवढी नफ्याची शाश्वती चालकांना वाटते असा संकेत त्यातून मिळतो. त्या संकेताला मोल आहे. पण पेढे त्यानंतर वाटावे.

हक्काच्या भागाची गोष्ट अगदी उलट आहे. समजा, बोनस दिलाच नाही. भाव तीस रुपये आहे आणि कंपनीला नव्या इमारतीसाठी पैसा हवा आहे. ती जुन्या भागधारकांना कळविते की, प्रत्येक भागामागे एक नवा भाग दहा रुपयांस घेण्याचा हक्क तुम्हांला आहे, अमुक तारखेपर्यंत कळवावे. मुख्याध्यापकांच्या घरी हा कागद येतो. त्यात पैसे मागितले आहेत, एवढेच त्यांना दिसते. "आपल्याला आणखी भाग नकोत" असे म्हणून ते तो कागद पंचांगात घालून ठेवतात आणि तारीख उलटून जाते.

ह्यात काय घडले? तीस रुपयांचा एक जुना आणि दहा रुपयांचा एक नवा मिळून दोन भागांची किंमत चाळीस. म्हणून भाव हिशेबाने वीसच्या आसपास येतो. ज्याने हक्क वापरला त्याचे काहीच गेले नाही. मुख्याध्यापकांच्या हाती मात्र शंभर भाग तसेच राहिले आणि तीन हजारांचे दोन हजार झाले. कारखान्याचा हजारावा हिस्सा होता, तो दोन हजारावा झाला. त्यांना खरोखरच नवे भाग नको होते, तर तो हक्क दुसऱ्यास विकता आला असता. हल्ली तर तो हक्क खात्यावर स्वतंत्रपणे जमा होतो आणि ठरावीक दिवसांत बाजारात विकताही येतो. न वापरलेला, न विकलेला हक्क मात्र मुदतीनंतर नाहीसा होतो. एका शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे हजार रुपये गेले. आणि ते कोणी चोरले नाहीत, म्हणून त्यांची फिर्यादही कोठे नोंदता येत नाही. बक्षिसाच्या दिवशी ज्या घरात पेढे येतात आणि हक्काच्या दिवशी पंचांग मिटले जाते, त्या घराला बाजाराने फसविले असे म्हणता येणार नाही. त्याला शब्दांनी फसविले.

कंपनीच्या कचेरीतून आता प्रत्यक्ष बाजारात यावे. मुंबईत टाऊन हॉलसमोर, आज जेथे हॉर्निमन सर्कल आहे त्या परिसरात, १८५० नंतरच्या काळात काही दलाल वडाच्या झाडाखाली जमत आणि भागांचे सौदे करीत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशाच्या पुरात बँका आणि कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. बॅकबे भरणी कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाला पन्नास हजारांच्या घरात भाव बोलला जाऊ लागला. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची पूर्तता करण्याचा दिवस आला, तेव्हा एकाने दुसऱ्यास आणि दुसऱ्याने तिसऱ्यास दिलेली वचने एकदमच कोसळली. त्या पडझडीत जुनी बँक ऑफ बॉम्बेही टिकली नाही. ह्या अनुभवानंतर, ९ जुलै १८७५ रोजी दलालांनी आपली रीतसर संस्था स्थापन केली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

'दलाल' हा शब्द अरबीतून आला. मूळ धातूचा अर्थ वाट दाखविणे असा आहे. दलाल स्वतः माल घेत नाही. घेणारा आणि देणारा ह्यांची गाठ घालून तो दलाली घेतो. भाव वाढणार असे मानून आधी घेणारा तो तेजीवाला आणि भाव पडणार असे मानून, जवळ नसलेला मालही विकून मोकळा होणारा तो मंदीवाला. इंग्रजी बाजाराने ह्यांना बैल आणि अस्वल अशी नावे दिली. मंदीवाल्याला लोक दुष्ट समजतात, पण तो बाजारात नसता तर फुगलेल्या भावाला टाचणी लावणारे कोणीच उरले नसते. दोघांपैकी कोणीही आपल्या ऐपतीपलीकडे बोलू लागला म्हणजे मात्र अनर्थ सुरू होतो.

ऐपतीपलीकडे बोलण्याची सोय मुंबईच्या बाजारात दीर्घकाळ होती. तिचे नाव 'बदला'. सौदा पुरा करण्याचा दिवस उजाडला आणि घेणाऱ्याजवळ पैसे नसले, तर तो व्याजासारखी काही रक्कम देऊन सौदा पुढील वळणावर ढकलीत असे. कधी मालाचीच टंचाई झाली तर उलट विकणाऱ्यालाच रक्कम द्यावी लागे. त्याला 'उंधा बदला' म्हणत. १९६९ साली सरकारने पुढील तारखांचे सौदे बंद केले. ते निराळ्या रूपाने परत आले. अखेर २००१ च्या जुलैत बदला संपला. बाजाराचा गलबलाटही त्यापूर्वी, १९९५ साली, संगणकाच्या पडद्याने शांत केला होता. जानेवारी २०२३ पासून तर सर्व शेअरांचा सौदा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होऊ लागला.

बदला गेला, पण त्याच्या मागची वासना गेली नाही. निर्देशांकाचे वायदे २००० च्या जूनमध्ये सुरू झाले आणि त्यापाठोपाठ 'ऑप्शन' आले. ऑप्शन म्हणजे ठरावीक मुदतीत ठरावीक भावाने घेण्याचा किंवा देण्याचा केवळ अधिकार. त्यासाठी भरावयाची रक्कम ही विम्याच्या हप्त्यासारखी असते. ज्याच्याजवळ मोठा ऐवज आहे त्याने तो सांभाळण्यासाठी हा विमा उतरवावा, ही मूळ कल्पना. परंतु ज्याच्याजवळ घरच नाही त्याने शेजाऱ्याच्या घरावर आगीचा विमा काढून आगीची वाट पाहावी, असे त्याचे रूप झाले. सेबी ह्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. गुंतवणूक आणि सट्टा ह्यांची व्याख्या करताना पंडितांचे मतभेद होतील. ह्या आकड्यापुढे त्यांची जरुरी भासत नाही.

सर्वांत अधिक उच्चारला जाणारा शब्द म्हणजे निर्देशांक. मुंबई बाजाराचा 'सेन्सेक्स' १९८६ साली सुरू झाला. त्यात तीस कंपन्या असतात आणि १९७८-७९ ह्या वर्षाची पातळी शंभर मानलेली आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या 'निफ्टी'त पन्नास कंपन्या असतात. सर्व कंपन्यांचे वजन सारखे नसते. बाजारात प्रत्यक्ष खरेदीविक्रीस मोकळ्या असलेल्या भागांच्या एकूण किमतीनुसार ते ठरते. म्हणून दोनतीन बड्या कंपन्या वर गेल्या की निर्देशांक चढतो, जरी बाकीचा बाजार कण्हत असला तरी.

निर्देशांकाच्या अंशांनी माणूस घाबरतो. वस्तुतः पाहावे ते शेकड्याकडे. २८ एप्रिल १९९२ रोजी, रोखे घोटाळ्याच्या दिवसांत, सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला. २३ मार्च २०२० रोजी, साथीच्या भयाने, तो ३,९३४ अंशांनी पडला. दुसरी पडझड सातपट भयंकर होती असे वाटेल. परंतु दोन्ही वेळा शेकडा तेराच्या आसपासच मूल्य गेले होते. त्या मार्चच्या दिवशी घसरण दहा टक्क्यांवर पोचताच व्यवहार पाऊण तास थांबविण्यात आले होते. बाजाराच्या बोलीत ह्या थांबण्याला 'सर्किट' म्हणतात. त्या दिवशी जे भिऊन विकून गेले, त्यांनी पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत तोच निर्देशांक पन्नास हजारांवर बंद झालेला पाहिला. ह्यावरून बाजार नेहमी सावरतो असा नियम काढू नये. उद्या गरज असलेला पैसा आज तेथे ठेवू नये, एवढा निष्कर्ष पुरे.

ज्यांना स्वतः निवड करणे जमत नाही, त्यांच्यासाठी अनेकांचा पैसा एकत्र करून गुंतविणारे म्युच्युअल फंड आहेत. युनिट ट्रस्टने ही वाट १९६४ साली आपल्या देशात प्रथम पाडली आणि 'युनिट' हा शब्द घरोघरी गेला. अनेक निवृत्तांनी ते युनिट बँकेच्या ठेवीइतकेच निश्चित मानले. परंतु युनिटाचा खरा आधार म्हणजे त्याचे निव्वळ मालमत्ता मूल्य: फंडाजवळील सर्व गुंतवणुकीची आजची किंमत, वजा देणी, भागिले युनिटांची संख्या. त्या जुन्या योजनेचा परतखरेदीचा भाव ह्या मूल्याशी बांधलेला नव्हता. ते अंतर वाढत गेले आणि २००१ च्या जुलैत युनिटांची खरेदीविक्री काही काळ स्थगित झाली, तेव्हा ठेव आणि युनिट ह्यांतील भेद लोकांना कळला. तो शब्दाच्या अर्थातून आधी कळला असता तर कमी किमतीत कळला असता.

अखेरीस पुन्हा त्या पंचांगाकडे वळावे. अनेक घरांतील ट्रंकांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाची भागपत्रे पिवळी पडून आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या कागदी भागपत्रांची विक्री करून नावांतर होत नाही. वारसाची नोंद मात्र होऊ शकते, आणि पुढे ते भाग 'डिमॅट' म्हणजे कागदाविना राहणाऱ्या खात्यात घ्यावे लागतात. सात वर्षे लागोपाठ लाभांश मागितला नाही तर तो आणि त्यामागचे भागही केंद्र सरकारच्या एका निधीत जमा होतात. ते कायमचे जात नाहीत. वारसाला पुराव्यासह अर्ज करून परत मागता येतात. परंतु मागणाऱ्याला आपण काय मागत आहोत ते ठाऊक हवे, आणि जो मागे ठेवून जातो त्याने नामनिर्देशन केलेले हवे.

बाजारात कोणता भाग घ्यावा, हे कोणतीही परिभाषा सांगू शकत नाही. आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी किंवा तो बाजूला सारण्यापूर्वी, त्यावरील प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारण्याचे बळ मात्र ती देते. अर्थ विचारला म्हणून कोणताही प्रामाणिक दलाल रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे पैसे द्यावे की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळून जाते.